स्प्लिंट कपाटावर का गेला, ते आधी बघू

या वेळचं पत्र एका मुलीचं आहे, नाव नको म्हणालीये. पत्र मोठं होतं, मी कापून देते.

"ताई, माझे बाबा ६६ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू. बोलणं छान आहे, डावा हात अर्धामुर्धा आलाय, काठी घेऊन चालतात, पण डावं पाऊल वर उचलत नाही, पंजा लोंबतो. माप घेऊन प्लास्टिकचा स्प्लिंट करून दिला होता, एएफओ म्हणतात तो. तीन आठवडे घातला, मग बाहेरच्या घोट्यावर फोड आला आणि तेव्हापासून तो कपाटावर पडलाय. आता दुकानातून आणलेला इलॅस्टिकचा मोजा घोट्याला घालतात आणि म्हणतात हाच बरा. गेल्या महिन्यात दोनदा पडले, एकदा उंबरठ्याला अडखळून, एकदा बाथरूमच्या दारात. आई रोज मागे लागते, रोज भांडण. काका म्हणतात स्प्लिंट लावला की पाय कायमचा आळशी होतो. बाबा म्हणतात मी काय लंगडा आहे का. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मी सक्ती करू का सोडून देऊ?"

अगं, सक्ती नको आणि सोडून पण देऊ नकोस. मी इतकी वर्षं हेच काम केलं, लोकांच्या पायाची मापं घ्यायची, साचे काढायचे, प्लास्टिक तापवून बसवायचं, आणि तुला खरं सांगते, कपाटावर गेलेले स्प्लिंट मी एवढे बघितलेत की आता पेशंट रिकाम्या पायाने दारातून आत आला तरी मला कळतं कुठे टोचत असणार ते. तुझे बाबा हट्टी आहेत असं मला तुझं पत्र वाचून अजिबात वाटलं नाही. तीन आठवडे घातला ना त्यांनी? नको असता तर तिसऱ्या दिवशीच काढून टाकला असता. ते रुसलेत ते घोट्यावरच्या त्या रुपयाएवढ्या जागेवर, आणि ती जागा दुरुस्त होते, बहुतेक वेळा अर्ध्या तासात. फक्त ते कुणी कुणाला सांगितलंच नाही. फोड आला, स्प्लिंट काढला, घरात भांडण सुरू झालं आणि स्प्लिंट करणाऱ्याकडे परत कुणी गेलंच नाही, बरोबर ना? पहिल्या फिटिंगनंतर एकदोनदा परत जावं लागतं हे या कामात गृहीतच असतं, शिंप्याकडे ब्लाऊज परत नेतो तसं. त्यात लाज नाही की तक्रार नाही.

आता आधी तो इलॅस्टिकचा मोजा. एक करून बघ. बाबांना खुर्चीत बसव, पाय थोडा पुढे, टाच जमिनीवर, आणि सांग पंजा वर उचला. किती उचलतो ते बघ. मग तो मोजा चढव आणि परत तेच सांग. काहीही फरक दिसणार नाही, कारण त्या मोज्यात पाऊल वर ओढणारं काहीच नाहीये, तो चारी बाजूंनी सारखाच दाबतो. ऊब मिळते, घोट्याला कुणीतरी धरलंय असं वाटतं, साधा मुरगळा असेल तर तेवढं पुष्कळ होतं, पण तुझ्या बाबांचा घोटा मुरगळलेला नाहीये. त्यांच्या नडगीच्या पुढच्या बाजूला जो स्नायू असतो, चालताना पाऊल हवेत असलं की पंजा वर धरणारा, त्याला मेंदूकडून निरोपच नीट पोचत नाहीये. मग पाऊल हवेत असताना पंजा खाली लोंबतो, अंगठा जमिनीला घासतो, आणि उंबरठा म्हणजे फार काही नाही, नुसती सतरंजीची कड मुडपलेली असली तरी अडकतो. तू मागून बघ ते कसे चालतात ते, एकतर कंबर वर उचलत असतील नाहीतर अख्खा पाय बाहेरून गोल फिरवून आणत असतील. ती पंजा अडकू नये म्हणून शरीराने आपोआप काढलेली पळवाट आहे आणि त्यात दमायला होतं, म्हणून मग दहा पावलं टाकून बसतात.

स्प्लिंट काय करतो तर पाऊल तीन ठिकाणी धरतो. पंज्याच्या खालून वर, पोटरीच्या मागून पुढे, आणि घोट्यापाशी जो तिरपा पट्टा असतो तो समोरून मागे. हे तिन्ही जागेवर असतील तर पंजा लोंबत नाही. यातला मधला, घोट्याचा पट्टा, तो सगळ्यात महत्त्वाचा आणि घरात सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याचकडे. वरचा पोटरीचा पट्टा करकचून आवळतात आणि हा सैल. मग होतं काय, टाच मागे बसत नाही, थोडी वर उचलली जाते, टाच वर आली की घोट्याचं हाड पण वर येतं, आणि साच्यात त्या हाडासाठी जो खोलगट खड्डा ठेवलेला असतो तो राहतो खाली आणि हाड घासतं खड्ड्याच्या काठावर. तिथे लाल, मग फोड. फोड दुखतो म्हणून तो पट्टा अजून सैल करतात. टाच अजून वर. मी पैजेवर सांगत नाही पण बाहेरच्या घोट्यावरचा फोड आणि तीन आठवड्यांनी आलेला, म्हणजे मला पहिला संशय याचाच.

फोडाची जागा पूर्ण बरी झाली असेल तरच पुढे सांगते ते कर, आणि शुगर आहे म्हणून तिथे अजून ओल असेल, काळपट असेल, सूज असेल तर स्प्लिंट-बिंट बाजूला, आधी डॉक्टरला पाय दाखव. शुगरवाल्यांच्या पायाला कळ कमी लागते, पॅरालिसिसच्या बाजूला पण कमी लागू शकते, आणि बाबांच्या बाबतीत दोन्ही एकाच पायावर आलंय, त्यामुळे "दुखत नाही" या त्यांच्या शब्दावर जायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धर.

घालायची पद्धत सांगते, नीट वाच. बाबा खुर्चीवर, गुडघा काटकोनात वाकलेला. पाय लांब करून पलंगावर घालायचा नाही, कारण पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून येतो, गुडघा सरळ असला की तो ताणला जातो आणि टाच खाली बसूच देत नाही, त्यात पॅरालिसिसनंतर पोटरी कडक झालेली असते. गुडघा वाकवला की तो सैल पडतो. मोजा लांब हवा, स्प्लिंटच्या वरच्या काठाच्याही वर येणारा, सुती, आणि त्याला एकही चुणी नको, शिवण बोटांवर आलेली नको. मग टाच आधी, पूर्ण मागे. हाताने गुडघ्यावर वरून हळूच खाली दाबलंस की टाच जाते मागे. आता घोट्याचा पट्टा, तो आधी, घट्ट. त्यानंतरच पोटरीचा, आणि तो एवढाच की खाली एक बोट सरकेल. उभं राहायच्या आधी टाचेच्या बाजूने बघ, फट दिसते का. दिसली तर सगळं काढून परत. पाच मिनिटं लागतील, नंतर एका मिनिटात होतं.

हे सगळं करूनही जर टाच बसतच नसेल तर मग पोटरी एवढी आखडलीये की साचा घेतला तेव्हाचा पाय आणि आताचा पाय वेगळा आहे. आठ महिन्यांत पायाची सूज उतरते, पोटरी बारीक होते, नाहीतर उलटं, पाऊल खाली ओढलं जाऊन घट्ट बसतं. मग फिजिओला आधी पोटरी मोकळी करायला सांगायचं, फारच कडक असेल तर डॉक्टरांकडे त्यासाठी इंजेक्शन वगैरे उपाय असतात, आणि स्प्लिंटचा कोन बदलायचा. जोर करून दाबून बसवायचं नाही, जोर केला की फोड येणारच.

आता लिपस्टिक. हसू नकोस. घरात जुनी एखादी असेल ती घे. स्प्लिंट घालून पंधरा-वीस मिनिटं चालले की काढायचा आणि जिथे लाल वळ उठलाय तिथे, म्हणजे पायावर, लिपस्टिकचा ठिपका द्यायचा. या एका वेळेपुरतं मोजा न घालता स्प्लिंट परत बसवायचा, पट्टे लावायचे, काढायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बरोब्बर त्या जागी रंग उमटलेला असतो. त्याच्याभोवती पेनने गोल कर आणि तसाच स्प्लिंट घेऊन जा. ऑर्थोटिस्ट, म्हणजे स्प्लिंट करून देणारा, हीट गनने तेवढी जागा तापवून बाहेर फुगवतो, किंवा घासून काठ मऊ करतो, संपलं. आम्ही स्वतः हेच करतो, नाहीतर पेशंट सांगतो "इथे कुठेतरी" आणि तो इथे कुठेतरी म्हणजे बोटभर इकडे तिकडे असतो आणि चुकीची जागा फुगवली जाते. घरी गॅसवर किंवा हेअर ड्रायरने प्रयोग करू नका मात्र. एका काकांनी मेणबत्तीवर धरून केला होता, स्प्लिंट वाकडा झाला तो झालाच, आणि तो वाकडा स्प्लिंट "आता बरा बसतोय" म्हणून पंधरा दिवस घातला. उन्हात, बंद गाडीत पण ठेवायचा नाही. पुसायला ओलं फडकं आणि थोडा साबण पुरे.

दुसरं एक ठिकाण बघ, वरचा काठ. गुडघ्याच्या खाली पायाच्या बाहेरच्या बाजूला एक छोटं टेंगूळ हाताला लागतं, हाडाचं. त्याच्याच जवळून एक नस जाते, अगदी कातडीखालून, आणि तीच नस पंजा उचलणाऱ्या स्नायूंना जाते. स्प्लिंटचा काठ त्या टेंगळाच्या निदान दोन बोटं खाली पाहिजे. वर येऊन तिथे दाबत असेल, पाऊल बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर घालणं थांबव आणि कापून घे. पंजा उचलायला म्हणून घातलेल्या वस्तूनेच पंजा उचलणारी नस दाबायची, याच्यासारखा दुसरा अवलक्षणीपणा नाही, पण होतं कधी कधी.

आणि एकदम दिवसभर घालायचा नाही. मला वाटतं तुमच्याकडे हीच चूक झाली असणार, पहिल्याच दिवशी सकाळी घातला तो रात्री काढला. पहिल्या दिवशी एक तास, काढ, बघ. लाल वळ येणारच, तो साधारण वीस मिनिटं ते अर्ध्या तासात गेला पाहिजे. गेला तर दुसऱ्या दिवशी दोन तास, असं वाढवत न्यायचं. अर्ध्या तासानंतरही लाल असेल तर ती जागा लिपस्टिकवाली. रात्री झोपताना हा चालायचा स्प्लिंट काढून ठेवायचा, मुद्दाम कुणी रात्री घालायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि रात्रीचे बहुतेकदा वेगळेच असतात, मऊ अस्तरवाले.

बूट. याच्यावर मी भांडायला तयार आहे. नुसता स्प्लिंट घालून फरशीवर चालायचं नाही म्हणजे नाही, प्लास्टिकचा तळ गुळगुळीत असतो, ओल्या फरशीवर साबणाच्या वडीसारखा सरकतो. तुझे बाबा बाथरूमच्या दारात पडले तेव्हा पायात नुसता तो मोजा असणार, पण स्प्लिंट घालून अनवाणी असते तरी पडलेच असते. घरातले म्हणून एक वेगळा बूट ठेवा, तो बाहेर न्यायचाच नाही. तोंड पुढेपर्यंत उघडणारा, वेलक्रोचा, आतला सोल काढता येणारा. डाव्या बुटातला सोल काढून टाकायचा, तिथे स्प्लिंटची जागा होते. तरी घट्ट होत असेल तर अर्धा नंबर मोठा. आणि टाचेची उंची फिटिंगच्या दिवशी जो बूट होता तेवढीच ठेवायची, हे कुणी सांगत नाही आणि मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण टाच उंच झाली की नडगी पुढे झुकते आणि गुडघा वाकायला बघतो, टाच कमी झाली की नडगी मागे जाते आणि गुडघा मागे ढकलला जातो. स्प्लिंट आहे घोट्याला पण चालवतो तो गुडघ्याला. बाबांचा डावा गुडघा उभं राहताना मागच्या बाजूला कटकन जातो का? किंवा भार दिला की मुडपतो का? हे बघून ठेव आणि ऑर्थोटिस्टला आवर्जून सांग, त्यावरून तो घोट्याचा कोन एखाद-दोन अंश बदलू शकतो आणि चालणंच बदलतं.

काकांचं म्हणणं. काका चुकलेत पण अगदीच हवेतून बोलत नाहीयेत, म्हणून जरा सविस्तर. माझं स्वतःचं मनगट मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर, मग दोन आठवडे रिस्ट स्प्लिंट घाला, फक्त बाहेर जाताना आणि काम करताना, असं सांगितलं. मी घातला दोन महिने. रात्रंदिवस. लोकांना शहाणपण शिकवणारी मी, पण काढला की हात नागडा वाटायचा, कुणाचा धक्का लागेल, परत मोडेल, असं. परिणाम काय, हाड छान जुळलं आणि मनगट गंजलं. कपडे पिळता येईनात, तळहात वर करून सुटे पैसे घेता येईनात, ते सोडवायला पुढे तीन महिने व्यायाम. तर हो, जो सांधा स्वतःचा स्वतः चांगला हलू शकतो त्याला विनाकारण बांधून ठेवला की तो आळशी होतो. कमरेचा बेल्ट वर्षानुवर्षं घालणाऱ्यांचं पण तेच, गुडघ्याच्या नी-कॅपचं पण थोडंफार तेच.

पण बाबांचा पंजा स्प्लिंटमुळे थांबलेला नाहीये ना. तो आधीच थांबलाय, निरोप येत नाही म्हणून. स्प्लिंट त्याच्या हातातलं काम काढून घेत नाही, कारण त्याच्या हातात काम नव्हतंच. उलट स्प्लिंट असला की ते दहाच्या जागी शंभर पावलं टाकतील, आणि मांडी, कंबर, तोल, या सगळ्याचा सराव त्या शंभर पावलांत होतो. खुर्चीत बसून राहिलेला पाय जेवढा आळशी होतो तेवढा स्प्लिंटमध्ये चालणारा होत नाही. काकांना एवढं मान्य करून टाक की स्प्लिंट चोवीस तास नसतो. दिवसातून दोनदा काढायचा आणि तेव्हा व्यायाम, बसून पंजा उचलायचा प्रयत्न, उचलला नाही तरी प्रयत्न, डोळे पावलाकडे ठेवून. पोटरीचा ताण, टॉवेल पंज्याखाली घालून दोन्ही टोकं स्वतःकडे ओढून, गुडघा सरळ ठेवून अर्धा मिनिट, चारपाच वेळा. आणि टेबलाला धरून उभं राहून डाव्या पायावर भार. डावा हात टॉवेल धरत नसेल तर आईने धरावं. फिजिओ याच्यात भर घालेल, कमी करेल. आणि पंजा थोडाथोडा उचलायला लागला तर स्प्लिंट पण बदलतो, आतापेक्षा लवचिक, मागून नुसती पट्टी असलेला, किंवा घोट्यात बिजागरी असलेला. अगदी हलका लोंबत असेल आणि पोटरी कडक नसेल तर बुटाच्या नाडीला अडकवून पंजा वर ओढणारा नुसता पट्टा पण मिळतो. कार्बन फायबरचे येतात, फार हलके, पाऊल उचलताना थोडा धक्का पण देतात, पण ते प्लास्टिकसारखे तापवून सुधारता येत नाहीत, त्यामुळे ज्याच्या घोट्यावर आधीच एकदा फोड आलाय त्याला मी पहिल्याच झटक्यात सुचवणार नाही. आणि नसेला हलका करंट देऊन पंजा उचलवणारं मशीन असतं, ते पॅरालिसिसवाल्यांमध्ये चालू शकतं कारण मेंदूत बिघाड असला तरी पायातली नस शाबूत असते. त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. पण ही सगळी पुढची गोष्ट, आधी आहे तो नीट बसवा.

आता "मी काय लंगडा आहे का". हे मी शेवटी ठेवलंय कारण याला हीट गन चालत नाही.

बाबांचं वय बघ. त्यांच्या लहानपणी पोलिओ सगळीकडे होता. प्रत्येक शाळेत एखादं मूल असायचंच, पायाला लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे, जाडजूड बूट, गुडघ्याला कुलूप. कॅलिपर. खट्-खट् आवाज यायचा वर्गात यायच्या आधी. मुलं चिडवायची, बाबा चिडवत होते का गप्प बसून बघत होते ते त्यांचं त्यांना माहीत, पण "पायाला पट्टा" म्हटलं की त्या पिढीच्या डोळ्यासमोर तेच येतं. तू त्यांना पांढऱ्या प्लास्टिकचा पातळ तुकडा दाखवतेस आणि त्यांना दिसतो तो वर्गातला मुलगा. मी हे उगाच रचून सांगत नाहीये, माझ्यासमोर बसून दोनतीन जणांनी तसं बोलून दाखवलंय, एक जण तर बोलता बोलता रडले. तेव्हा "लोक काय म्हणतात त्याचा विचार करू नका" वगैरे भाषण देऊ नकोस. विचार ना त्यांना, तुमच्या वर्गात होतं का कुणी असं? बोलू दे. आणि मग सैल पँट घातली की स्प्लिंट दिसत पण नाही हे त्यांना आरशासमोर उभं करून दाखव. आत्ता जे सगळ्यांना दिसतंय ते पाय फेकत चालणं आणि पडणं, स्प्लिंट घातला की ते कमी दिसतं. हे मात्र तू नाही बोलायचंस, त्यांना स्वतःला दिसू दे. मोबाईलवर व्हिडिओ घे, दहा-दहा सेकंदांचे, स्प्लिंट घालून आणि न घालता, एकदा समोरून एकदा बाजूने. त्यांना विचारून घे, चोरून नको. आणि न घालता चालतील तेव्हा आई शेजारी हात धरायच्या अंतरावर पाहिजे. ते व्हिडिओ ऑर्थोटिस्टला पण सोन्यासारखे उपयोगी पडतात, कारण दवाखान्यात सगळे पेशंट परीक्षेला बसल्यासारखे चालतात.

आईला यातून मोकळं कर. रोज "घातलात का, घातलात का" हे काम तिचं नाहीये. बाबांना त्यांच्या उजव्या हाताने स्प्लिंट घालता आला पाहिजे. डावा हात अर्धा आहे म्हणतेस, तर पट्टे कुठल्या दिशेने ओढले जातात ते बघ. बऱ्याचदा ते अशा बाजूला उघडतात की एका हाताने ओढताच येत नाहीत. ऑर्थोटिस्टला सांगून ते उजव्या हाताकडे ओढले जातील असे फिरवून घे, आणि टोकाला अंगठा अडकेल एवढी लूप शिवून घे. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने घरातली अर्धी भांडणं मिटतात, कारण मग तो स्प्लिंट आई घालते ती वस्तू राहत नाही.

पडण्याबद्दल एक. महिन्यात दोनदा पडले हे डॉक्टरांना सांगितलंयस का? सगळा दोष पंज्यावर टाकू नकोस, उठताना चक्कर येते का, बीपीच्या गोळ्या बदलल्यात का, शुगर खाली जाते का, डाव्या बाजूचं नीट दिसतं का, हे डॉक्टरांना बघायचं असतं. काठी उजव्या हातात आहे ना? जिन्यावर चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी. बाथरूमच्या दारात धरायला बार बसवून घ्या, टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उभं राहू देऊ नका, ती माणसाच्या वजनासाठी नसते. आणि पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर स्प्लिंट घट्ट झाला असेल म्हणून वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल तर लगेच हॉस्पिटल. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात परत पडणं, याला तर एक मिनिट पण थांबायचं नाही, ते तुला आता माझ्याहून जास्त माहितीये.

तर या आठवड्यात एवढंच कर. घोट्याची कातडी बघ. बरी असेल तर स्प्लिंट कपाटावरून काढ, धूळ पूस, वेलक्रोत अडकलेले केस आणि धागे सुईने काढून टाक, नाहीतर पट्टा धरतच नाही आणि लोकांना वाटतं स्प्लिंट बिघडला. मग बाबांना म्हण की फोड कशामुळे आला ते मला शोधायचंय, मदत करा. लिपस्टिकचा ठिपका त्यांनाच देऊ दे, उजव्या हाताने. आणि ऑर्थोटिस्टकडे जाल तेव्हा घरातले ते नवीन बूट न विसरता बरोबर ने, दोन्ही, नुसता डावा नेणारे पण असतात.